चौदा पुस्तकं आणि एक वही

दोन वर्षांत व्यवसायाची आणि व्यक्तिमत्त्व विकासाची चौदा पुस्तकं वाचून काढली. वाचताना अंगात उत्साह संचारायचा, पेन्सिलीने पानंच्या पानं रंगायची. पंधरवड्याने कुणी ‘काय होतं त्यात?’ असं विचारलं, तर दोन वाक्यांपलीकडे काही सांगता यायचं नाही. आणि माझ्या डिझाइनच्या व्यवसायात कामं पूर्वीसारखीच मुदतीच्या आदल्या रात्री संपायची.

फरक पडला तो व्यवस्थापनावर लिहिणारे लेखक पीटर ड्रकर यांच्या १९६७ सालच्या एका पुस्तकाने. त्यांचं म्हणणं असं, की सुरुवात कामांच्या यादीपासून करू नका. आधी वेळ कुठे जातो ते बघा. तेही आठवून नाही, तर त्या त्या वेळी लिहून, सलग तीन-चार आठवडे. मी पुस्तक तिथेच मिटलं आणि वही घेतली.

तीन रकाने आखले: किती वाजता, काय, आणि सुरुवात कुणाकडून, माझ्याकडून की समोरून. तिसरा रकाना माझ्या मनाचा, पण सर्वांत जास्त तोच उपयोगी पडला. तिसऱ्या दिवसाची नोंद अशी: ‘९.१० कोटेशन. ९.२२ ग्राहकाचा फोन. ९.४० मेल. १०.०५ कोटेशन, पुन्हा पहिल्यापासून.’ चाळीस मिनिटांचं ते कोटेशन दुपारी तीनला गेलं. मेलला अर्धा तास लागतो असं मी धरून चालले होते. वहीत सव्वादोन तास निघाले. सकाळी दोन तास फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, हे मग कुठल्या पुस्तकाने सांगायची गरजच उरली नाही.

पण सवय लागेना. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे इतक्या ठिकाणी वाचलं होतं, की बाविसाव्या दिवशीही हात फोनकडे गेला तेव्हा दोष आपल्यातच आहे असं वाटलं. मग त्या आकड्याचं मूळ शोधलं. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं, की रुग्णांना बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवसांच्या आसपास लागतात. हा ‘किमान’ पुढे गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोजची एक कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. हे वाचून केवढं हलकं वाटलं! सवयींवर लिहिणाऱ्यांनी आकडा देण्याआधी तो तपासायलाच हवा, कारण त्याच्यापायी कितीतरी जण चांगली सुरुवात अर्ध्यावर सोडून देतात. माझं गाडं अडीच महिन्यांनी रुळावर आलं.

आता अधोरेखित करणं बंद. प्रकरण संपलं की पुस्तक मिटून आठवेल ते लिहायचं, मग उघडून काय निसटलं ते बघायचं. पहिल्यांदा जेमतेम चार ओळी आठवल्या होत्या. आणि प्रकरणातली एक गोष्ट कामात उतरल्याशिवाय पुढचं प्रकरण नाही.

पंधरावं पुस्तक चार महिने टेबलावर आहे. तिसऱ्या प्रकरणातून घेतलेली गोष्ट: अर्धी रक्कम आगाऊ आल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. अकरा नेहमीच्या ग्राहकांपैकी आठ जणांना सांगून झालं. उरलेल्या तिघांशी या आठवड्यात बोलायचंय, त्यात सर्वांत जुना ग्राहकही आहे.