आईसोबत मालदीव: जळगावच्या फलाटापासून रिसॉर्टच्या धक्क्यापर्यंत

मालदीव म्हटलं की सगळे आधी खोलीचे फोटो बघतात. आईला घेऊन जायचं असेल तर आधी बोट बघा. मालेचा वेलाना विमानतळ एका बेटावर असतो आणि तुमचं रिसॉर्ट दुसऱ्याच बेटावर. मधला पल्ला स्पीडबोटीने किंवा सीप्लेनने. माझ्या आईचं वय ६७, दोन्ही गुडघे दुखरे, त्यामुळे माझं सगळं नियोजन या पल्ल्यावरूनच ठरलं.

सीप्लेन म्हणजे पंधराएक जणांचं छोटं विमान. शिडी अरुंद, आत शिरताना वाकावं लागतं, आवाज कान बधिर करणारा, आणि सामानाची मर्यादा साधारण २० किलोची. ते फक्त उजेडात उडतं. मुंबईचं विमान दुपारी उशिरा मालेत उतरलं तर रात्र तिथेच हॉटेलात काढावी लागते आणि त्याचे पैसे वेगळे. म्हणून विमानतळापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या आतलं, स्पीडबोटीचं बेट निवडलं. बोटीत आईला मागच्या बाजूला बसवायचं. पुढचं टोक लाटेवर आपटतं आणि तो हादरा थेट मणक्यात जातो. चढता-उतरताना धक्का आणि बोट यांच्यात अंतर असतं, भरती-ओहोटीप्रमाणे उंचीही बदलते. खलाशी हात देतात, पण त्यासाठी आईचे दोन्ही हात मोकळे हवेत. पर्स, पाण्याची बाटली, औषधांची पिशवी, सगळं आपल्या पाठीवर. विमान कंपनीची व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवावी. ती विमानतळापुरतीच असते, बोटीच्या धक्क्यावर तिचा भरवसा धरू नका.

पाण्यावरची खोली फोटोत सुंदर दिसते. पण तिथे पोचायला लांबच लांब लाकडी पूल चालायचा आणि समुद्रात उतरायला शिडी. वाळूवरची खोली घ्या, दाराबाहेर दोन-तीन पायऱ्या उतरल्या की किनारा. ही रिसॉर्टं मुख्यतः नवविवाहितांसाठी बांधलेली आहेत. न्हाणीघराला काचेची भिंत असते, कधी वर छप्परच नसतं, आणि पलंग एकच मोठा. बुकिंगनंतर लगेच मेल करून तीन गोष्टी लिहून घेतल्या: आई आणि मुलगी येत आहोत, दोन वेगळे पलंग हवेत, न्हाणीघराला पडदा किंवा दार आहे का. उत्तर आल्याशिवाय पुढचे पैसे भरले नाहीत.

दर बघताना आकड्यापुढे दोन अधिक चिन्हं असतील तर कर आणि सेवाशुल्क त्यात धरलेलं नाही. १०० डॉलरवर १० टक्के सेवाशुल्क म्हणजे ११०, त्यावर जुलै २०२५ पासूनचा १७ टक्के पर्यटन जीएसटी म्हणजे १२८ डॉलर ७० सेंट. शिवाय २०२५ पासून रिसॉर्टमध्ये हरित कर माणशी रोज १२ डॉलर. दोघींचे चार रात्रींचे ९६ डॉलर झाले. बोटीचं भाडंही बहुधा वेगळं लावतात. या सगळ्यासकट एकूण आकडा लेखी मागायचा. टूर कंपनीमार्फत गेलात तर टीसीएसही, म्हणजे सहलीच्या रकमेवर आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापतात. तो विवरणपत्र भरल्यावरच परत मिळतो, म्हणून जो दरवर्षी विवरणपत्र भरतो त्याच्याच पॅनवर पैसे भरा. आईच्या नावावर भरले तर त्या परताव्यासाठी तिचं विवरणपत्र भरावं लागतं.

आईचा पासपोर्ट नव्याने काढायचा होता. खरं काम अर्जाच्या आधीचं असतं. आपल्याकडे या पिढीच्या बायकांचं दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर आडनाव पुढे-मागे, आणि जन्मतारीख एकीकडे खरी तर दुसरीकडे अंदाजाने घातलेली १ जानेवारी. अर्ज भरण्याआधी आधार आणि पॅन अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. दुरुस्तीत जाणारा वेळ धरून प्रवासाच्या किमान चार महिने आधी सुरुवात करावी. ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये, साठीच्या वरच्यांना नव्या अर्जावर १० टक्के सूट. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते असा शेरा, पडतो ही भीती पन्नाशीच्या वर धरायची नाही, त्या वयाला सूट आहे. पोलीस पडताळणीच्या दिवसांत आई लग्नकार्याला बाहेरगावी गेलेली नको.

व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, फुकट. परतीचं तिकीट आणि बुकिंग मात्र कागदावर छापून जवळ ठेवा. ‘इमुगा’ नावाचं ऑनलाइन प्रवासी घोषणापत्र प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचं असतं. सरकारी संकेतस्थळावर त्याला एक रुपयाही लागत नाही. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या जागा पैसे मागतात, तिथे कार्डाचा नंबर देऊ नका.

आता देवाचं. मालदीवच्या कस्टम्सच्या बंदी यादीत पूजेच्या मूर्ती आहेत, दारू आहे, डुकराचं मांस आहे. आईच्या पिशवीत रोजच्या पूजेचा बाळकृष्ण असतो, तो तिथे नेता येत नाही. हे तिला निघायच्या दिवशी सांगू नका, महिनाभर आधी सांगा. आमच्याकडे शेजारच्या काकूंकडे देव दिले आणि नैवेद्यासाठी साखर-शेंगदाणे ठेवून दिले. एवढी सोय झाली की आईची घालमेल थांबली. सुक्या खोबऱ्याचा गोटाही विमानात चालत नाही, तेलामुळे तो ज्वलनशील मानतात.

जेवणाची योजना पूर्ण घ्या, निदान नाश्ता आणि रात्रीचं जेवण तरी. बेटावर दुसरं दुकानच नसतं. शाकाहारी माणसासाठी सगळ्यात महत्त्वाची सूचना नाश्त्याची आहे. ‘मास हुनी’ दिसतो ओल्या खोबऱ्याचा कीस, कांदा आणि मिरची, पण त्यात टूना मासा असतो. समोशासारखी दिसणारी ‘बजिया’, गोल वडे वाटणारे ‘गुल्हा’, यांच्या आतही बहुधा मासाच. त्यांची ‘रोशी’ मात्र साधी पोळीच आहे. रोशी, वरण आणि घरची शेंगदाण्याची चटणी यावर आईचं छान भागलं. चटणी, बिबडे आणि मेतकूट हवाबंद पाकिटात चेक-इन सामानात टाकायचं, केबिनमध्ये मसाल्याच्या पुड्या अडवतात. लोणचं तेल गळून कपडे खराब करतं, नको. औषधं मात्र उलट, सगळी केबिनमध्ये, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इन्शुलिन सामानकक्षात गोठू शकतं. प्रवासविमा घेताना बीपी आणि साखर लपवू नका, दाव्याच्या वेळी तेच कारण पुढे करतात.

जळगावहून रात्रीची गाडी पकडून सकाळचं विमान गाठण्याचा विचार करू नका. गाडी तीन तास उशिरा आली की सगळं कोसळतं. आदल्या दिवशी दुपारी निघून रात्र विमानतळाजवळ काढली. तो खर्च मला या प्रवासातला सगळ्यात योग्य वाटतो.

समुद्र. आईने आजवर पाणी पाहिलेलं ते तापीचं, घाटावरून. सुती साडी पाण्यात जड होते आणि पायात गुंडाळते, पुष्कळशा तरणतलावांत तर ती घालून उतरू देत नाहीत. पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा पोशाख आणि लेगिंग इथूनच घेतलं. पायात घट्ट बसणारे रबरी बूट, कारण प्रवाळाने तळवा कापतो आणि ती जखम लवकर भरत नाही, साखर असेल तर आणखीच. स्वागतकक्षात भरती-ओहोटीच्या वेळा विचारा. ओहोटीला पाणी गुडघ्याखाली येतं आणि प्रवाळ पायाशी लागतं. भरती चढत असताना, सकाळी नऊच्या आत, लगूनच्या, म्हणजे प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्याच्या, शांत बाजूला लाइफ जॅकेट घालून उतरायचं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून आधी तोंडावर पाणी घ्यायचं, मग मागे रेलायचं. आपला हात तिच्या पाठीखाली हवा. जिथे पाण्याचा रंग एकदम गडद निळा होतो, तिथे तळ संपतो आणि ओढ असते. त्या रेषेकडे जायचंच नाही. विषुववृत्त जवळ असल्याने दहानंतरचं ऊन कडक असतं, पण खानदेशच्या मे महिन्यासारखं चटकत नाही, वाऱ्यामुळे कळतच नाही, आणि संध्याकाळी मान भाजलेली असते.

आईने रोज शिंपले वेचले. ते आणि प्रवाळाचे तुकडे निघायच्या आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावरच परत ठेवले, देशाबाहेर न्यायला मनाई आहे. त्याच रात्री परतीचं इमुगा भरलं. जातानाही ते लागतं आणि हेच बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.