फुटामागे एक सूत

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवून साच्यात ओतलं की थंड होताना ते आक्रसतं. फुटामागे साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. पोलाद त्याच्या दुप्पट, फुटाला दोन सूत. पितळ दीड सूत, अॅल्युमिनियम सव्वा सूत. बडोद्यातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याला हेच सांगतो. तीन पिढ्यांचा आमचा धंदा या हिशेबावर चालत आला आहे.

आम्ही पॅटर्न बनवतो. पंपाचं केसिंग, व्हॉल्व्हची बॉडी, गिअरबॉक्सचं खोकं असा कुठलाही ओतीव भाग घ्या. तो ओतण्याआधी फाउंड्रीत वाळूचा साचा बांधावा लागतो आणि वाळूत आकार उमटवायला तोच आकार आधी कुणीतरी लाकडात घडवावा लागतो. तो पॅटर्न. आकार तोच असला तरी माप मोठं असतं. आक्रसण्याचं सूत, मशिनिंगसाठी ठेवायची जाडी, आणि वाळू न मोडता पॅटर्न वर उचलता यावा म्हणून बाजूंना द्यायचा टेपर, म्हणजे किंचित उतार, हे सगळं त्यात धरावं लागतं. आत पोकळी हवी असेल तर त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा घडवायला कोअर बॉक्स वेगळा. पंप विकत घेणाऱ्या माणसाला आमचं नाव कधी कळत नाही, पण पंपाच्या पोटातला वळसा आधी आमच्या बाकावर तयार झालेला असतो.

आजोबांनी मुंबईच्या नागदेवीतून आणलेली पोलादी पट्टी अजून वापरात आहे. तिच्यावरचा फूट बारा इंच आणि एका सुताचा. साध्या फुटपट्टीशेजारी ठेवली तर पहिल्या इंचाला फरक दिसत नाही, सहाव्याला शंका येते आणि बाराव्याला रेघा सरळ चुकतात. या पट्टीनं माप उतरवलं की पॅटर्न आपोआप तेवढा मोठा होतो, कागदावर आकडेमोड करायला नको. आमचे मिस्त्री गुजराती, ते सुताला दोरो म्हणतात. बाकावर दोन्ही शब्द चालतात आणि आजवर त्यावरून कधी घोटाळा झालेला नाही.

आमचे पणजोबा संगमेश्वराकडचे सुतार. बडोद्यात आले ते रेल्वेमुळे. गायकवाडांच्या राज्यात डभोई ते मियागाम हा अडीच फुटी छोटा मार्ग १८६२ साली सुरू झाला होता, खंडेराव महाराजांच्या काळात. सुरुवातीला त्यावरचे डबे बैल ओढायचे, इंजिनं नंतर आली. पुढे हे जाळं वाढलं आणि त्याच्या दुरुस्तीसाठी प्रतापनगरचा कारखाना उभा राहिला, त्याची पायाभरणी १९१९ ची. पणजोबा तिथे डब्यांच्या लाकूडकामावर लागले. घर शहरातल्या वाडी भागात, एका खोलीचं. त्या काळचे बडोद्याचे मराठी लोक म्हटले की दरबारातले, कचेरीतले, शाळेतले आठवतात. पण हत्यारांची पेटी घेऊन आलेली आमच्यासारखी घरंही होती, आणि ते कुठेतरी नोंदलं जावं असं मला मनापासून वाटतं.

आजोबांना पणजोबांनी कलाभवनात घातलं. हे कलाभवन सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलं आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती दिलं. गज्जर रसायनशास्त्राचे. कारागिराच्या मुलाला त्याच्या भाषेत शास्त्र शिकवलं पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. रंगाई, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला हे सगळं एका छताखाली. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. आजोबा शिकले तेव्हा गज्जर हयात नव्हते, पण रीत तीच होती. सकाळी ड्रॉइंग बोर्ड, दुपारी बाक. आजोबा सांगत, "वडिलांनी मला लाकूड शिकवलं आणि कलाभवनानं कागद वाचायला शिकवला." कागद म्हणजे ड्रॉइंग. साधा सुतार आणि पॅटर्न मेकर यांच्यात एवढाच फरक असतो, पण हा फरक फार मोठा आहे.

गज्जरांचं नाव मी उगाच घेत नाही. १९०७ साली अलेम्बिक ही औषध कंपनी सुरू झाली ती गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटीभास्कर व भाईलालभाई अमीन यांच्या पुढाकारानं. सुरुवात अल्कोहोल आणि टिंक्चरपासून. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली, त्यामुळे कारखानदारीला पैशाचा आधार मिळाला. भाईलालभाईंचे चिरंजीव नानूभाई अमीन यांनी १९४३ मध्ये ज्योती काढली, त्याच वर्षी साराभाई केमिकल्सही आली. ज्योतीत पंप व्हायचे. बडोद्यात पंप होऊ लागले म्हणून ओतकाम वाढलं, आणि ओतकाम वाढलं म्हणून पॅटर्न करणाऱ्या माणसाला काम मिळालं. गज्जर, त्यांचा विद्यार्थी, त्या विद्यार्थ्याचा मुलगा आणि मग आमच्या आजोबांचा रंधा, अशी ही साखळी आहे. माझ्या दृष्टीनं बडोद्याच्या कारखानदारीची गोष्ट हीच: एका शाळेतून शिकून बाहेर पडलेली माणसं.

आजोबा एका पंपाच्या कारखान्यात पॅटर्न शॉपला होते. साठच्या दशकात शहराचं रूप पालटलं. अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल सापडलं, कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये चालू झाली, दोन वर्षांनी गुजरात स्टेट फर्टिलायझरचं उत्पादन सुरू झालं आणि १९६९ मध्ये आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी स्थापन झाली. अशा कारखान्यांत पाइप, पंप आणि व्हॉल्व्ह यांना अंत नसतो. ते सतत झिजतात आणि सतत बदलावे लागतात. मोठ्या कंपनीला एखादाच भाग हवा असतो, त्यासाठी ती स्वतःचं पॅटर्न शॉप अडवून ठेवत नाही. ही गरज आजोबांनी ओळखली. १९७१ साली नोकरी सोडून मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या सरकारी औद्योगिक वसाहतीत, त्यांनी छोटी शेड घेतली, आजीच्या पाटल्या त्यात गेल्या. एक बँडसॉ, एक लाकडाचा लेथ, दोन बाक आणि दोन माणसं एवढ्यावर सुरुवात झाली.

लाकूड वलसाडी साग. गाठ नसलेला, सरळ रेषेचा आणि पुरता वाळलेला. आजोबा लाट फाडून फळ्या शेडच्या आढ्याखाली पट्ट्या घालून रचून ठेवत आणि दोन पावसाळे गेल्याशिवाय त्यांना हात लावू देत नसत. वर्तुळाकार भाग कधीच एका फळीतून काढायचा नाही. लहान तुकडे रेषा फिरवत एकमेकांवर सरसानं चिकटवायचे, म्हणजे हवा बदलली तरी पॅटर्न पिळत नाही. कोपऱ्यांना आत चामड्याची पट्टी किंवा मेण भरून गोलाई द्यायची, कारण तीक्ष्ण कोपऱ्यात बीड तडकतं. शेवटी लाखेचे तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावर घासून. मी लहानपणी शनिवारी डबा घेऊन जायचे तेव्हा स्पिरिट आणि लाखेचा तो वास शेडच्या दारातच यायचा.

ड्रॉइंग तेव्हा अर्धी इंचांत, अर्धी मिलिमीटरमध्ये यायची. जुनी यंत्रं इंग्लंडची, नवी जर्मनीची नाहीतर रशियाची. आजोबांकडे आक्रसणं धरलेल्या पट्ट्या दोन्ही मापांच्या होत्या.

१९८३ मध्ये आमच्या हातून एक चूक झाली, ती इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं. एका कारखान्याचं सहाशे मिलिमीटर व्यासाचं इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चाक. जुना भाग बिडाचा होता, नव्या ड्रॉइंगमध्ये धातू बदलून पोलाद केलेलं होतं. खालच्या चौकटीत ते स्पष्ट लिहिलं होतं. बाबांनी जुन्या सवयीनं बिडाची पट्टी वापरली. बारा मिलिमीटर मोठं व्हायला हवं होतं तिथे सहाच झालं. कास्टिंग निघालं आणि मशिनवर चढवल्यावर कळलं की कापायला धातूच उरलेला नाही. तीन नग वाया गेले होते. बाबांनी पॅटर्न नव्यानं करून दिला आणि तिन्ही ओतकामांचे पैसे भरले. त्या दिवाळीला आमच्या घरी नवे कपडे आले नाहीत. तेव्हापासून ड्रॉइंग हातात आलं की आधी धातूची चौकट वाचायची, तिच्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल करायचा आणि मगच आकाराकडे बघायचं हा आमचा नियम आहे. आता ड्रॉइंग संगणकावर येतात, तरी आम्ही ते छापून लाल गोल करतो.

मी पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकल करून २००४ मध्ये कामावर रुजू झाले. बाबांनी पहिलं वर्षभर मला फक्त लाख घासायला आणि मापं तपासायला बसवलं. राग यायचा, पण ते योग्यच होतं, हे आज माझ्या हाताखाली माणसं आहेत तेव्हा कळतं. २००८ मध्ये कर्ज काढून आम्ही वापरलेलं व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं कापणीचं मशिन, घेतलं. ज्या केसिंगला लाकडात तीन आठवडे लागायचे ते रेझिनच्या बोर्डात पाच-सहा दिवसांत निघू लागलं. बोर्ड पाण्यानं फुगत नाही, पिळत नाही, दोन नग एकसारखे येतात. जास्त संख्येच्या कामासाठी आम्ही अॅल्युमिनियमचे पॅटर्नही करतो. तिथे आधी लाकडाचा मास्टर लागतो आणि त्याला दोन्ही धातूंचं आक्रसणं धरावं लागतं, अॅल्युमिनियमचं सव्वा आणि बिडाचं एक, असं फुटाला सव्वादोन सूत.

३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस पडला. शेडमध्ये कमरेपर्यंत पाणी. मशिन उंच चौथऱ्यावर होतं म्हणून मोटर वाचली. पण खालच्या दोन फळ्यांवरचे पॅटर्न भिजले, आणि ते आमचे नव्हतेच. पॅटर्न हा गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो, आम्ही तो फक्त सांभाळतो. सरस सुटला होता, पंचवीस-तीस वर्षं जपलेल्या जोडांमध्ये नख जाईल एवढी फट पडली होती. मिस्त्रींनी एकही पॅटर्न उन्हात ठेवू दिला नाही. सावलीत, काठ्यांवर, रोज बाजू पालटत दीड महिना वाळवले. साठेक भिजले होते, त्यातले एकोणीस टाकावे लागले. ते आम्ही स्वखर्चानं पुन्हा केले, आणि त्यातले काही संगणकात घेता आले हा एक दिलासा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी पुन्हा शहरात शिरली तेव्हा खालच्या फळ्या रिकाम्या होत्या.

आज बडोदा म्हटलं की लोक जवळच्या सावली गावी तयार होणारे मेट्रोचे डबे, हालोलच्या मोटारी आणि सी-२९५ ही लष्करी वाहतुकीची विमानं यांच्याबद्दल बोलतात. विमानाच्या कारखान्याचं उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ ला झालं, छप्पन्नपैकी चाळीस विमानं इथे बांधायची आहेत. त्या दिवशी आमच्या शेडमध्ये मोबाइलभोवती सगळे जमले होते आणि मला खरोखर अभिमान वाटला. ते काम आमच्यापर्यंत थेट येत नाही, यायचं तर प्रमाणपत्रांची लांब वाट आहे. पण शहरात अचूक कामाची सवय वाढली की तिचा फायदा चौथ्या-पाचव्या पायरीवरच्या आमच्यासारख्यांनाही होतो. मापाची कडक तपासणी मागणारी गिऱ्हाइकं वाढली आहेत, आणि ती आम्हाला हवीच आहेत.

पैशाचं मात्र जुनं दुखणं आहे. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी प्राप्तिकरात धरता येतो, असं कलम २०२४ पासून लागू झालं. काही पार्ट्या त्यामुळे वेळेवर देऊ लागल्या. एका मोठ्या गिऱ्हाइकानं मात्र मालाची पोच लिहून देण्याचीच तारीख लांबवायला सुरुवात केली. मी त्यांचं काम सोडलं. सोपं नव्हतं, वर्षाच्या उलाढालीचा पाचवा हिस्सा त्यांच्याकडून यायचा.

त्याहून मोठी काळजी माणसांची. चांगला सुतार फर्निचरच्या कामात जास्त कमावतो, आणि चार वर्षं घालवून पॅटर्न शिकायला तो का थांबेल? म्हणून आम्ही दरवर्षी आयटीआयची दोन मुलं घेतो आणि दुसऱ्या वर्षापासून बाजारातल्या सुताराएवढी मजुरी देतो. ते परवडत नाही, तरी देतो. दोघांतला एक टिकतो. या वर्षी दोघांपैकी एक मुलगी आहे, तरसालीहून सायकलनं येते, आणि तिचा हात चांगला आहे.

सध्या बाकावर सौराष्ट्रातल्या एका पाणीपुरवठा केंद्राचं पंप केसिंग आहे. पंप सत्तरच्या दशकातला, ड्रॉइंग हरवलेलं, केसिंग फुटलेलं. स्कॅन केलं तर संगणकानं आतली भिंत नऊ मिलिमीटर दाखवली. मिस्त्रींनी आत हात घालून वळशावरून बोट फिरवलं, जिथे पाण्याचा प्रवाह दुभागतो तिथे थांबले आणि म्हणाले, "आ तो घसाई गयुं छे," म्हणजे हे तर झिजलेलं आहे. तिथे घासून गुळगुळीत झालं होतं, पण पाणी लागत नाही त्या बगलेत वाळूची मूळ खरखर अजून होती. त्या मुलीला तिथे कॅलिपर लावायला सांगितला. बारा भरलं. आता बारा धरून पॅटर्न चालू आहे, अर्धा रेझिनमध्ये, अर्धा सागात. कोअर बॉक्सचा खालचा भाग राहिला आहे. तो झाला की सोमवारी दोन्ही कोल्हापूरला, शिरोलीच्या फाउंड्रीकडे रवाना करायचे आहेत.