बहारीनचं चौथं वळण आणि घरातली भाऊबंदकी

मी सिम रेसिंग करतो, म्हणजे कॉम्प्युटरवर ऑनलाइन गाड्यांच्या शर्यती. सध्या सगळा सराव एकाच ट्रॅकवर चाललाय. बहारीन, साखीर. ५.४१२ किलोमीटर, १५ वळणं, रुंद रस्ता आणि बाहेर पळायला भरपूर डांबर. आमच्या लीगमध्ये एका टीमच्या दोन गाड्या असतात आणि या सीझनला माझा पार्टनर वेगात माझ्या अगदी बरोबरीला आलाय. परिणाम असा की रेस सुरू झाली की आम्ही दोघं एकमेकांच्या मागेपुढे चिकटलेले आणि बाकीची मंडळी कुठेतरी लांब. एकट्याने लॅप टाइम काढणं आता बऱ्यापैकी जमतं. शेजारी दुसरी गाडी असताना तेच वळण कसं घ्यायचं, हे सध्याचं काम.

अभ्यासाला रेसही एकच घेतलीय, २०१४ ची बहारीन ग्रां प्री. ६ एप्रिलची, फॉर्म्युला वनची ९०० वी रेस, आणि बहारीनमध्ये पहिल्यांदाच रात्री दिव्यांच्या उजेडात झालेली. हायब्रिड इंजिनांचं ते पहिलं वर्ष. मर्सिडीज बाकीच्यांच्या हाताला लागतच नव्हती, त्यामुळे भांडायला उरले तिचेच दोघं ड्रायव्हर, निको रोझबर्ग आणि लुईस हॅमिल्टन. पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, रोझबर्गची, पण सुरुवातीलाच हॅमिल्टन पुढे गेला. हे दोघं २००० मध्ये कार्टिंगलाही एकाच टीममध्ये होते, म्हणजे एकमेकांच्या खोड्या पोरवयापासून पाठ.

ही रेस सगळ्यांना आठवते ती धाडसी ब्रेकिंगसाठी. मी ती पुन्हा पुन्हा, निम्म्या वेगाने बघितली, आणि माझं मत पक्कं होत चाललंय की ब्रेकिंग हा त्यातला कमी महत्त्वाचा भाग आहे. रोझबर्ग मुख्य सरळ रस्त्यावर डीआरएस, म्हणजे वेग वाढवायला उघडणारी मागची विंग, उघडून यायचा, पहिल्या वळणाला आतून नाक घालायचा, आणि हॅमिल्टन त्याला ते वळण चक्क देऊन टाकायचा. तिथे अडून बसायचा नाही. थोडा आधी ब्रेक, थोडं उशिरा वळणं, आणि बाहेर पडताना रोझबर्गच्या मागून रेषा ओलांडून आतल्या बाजूला. चौथं वळण येईपर्यंत हिशोब पुन्हा बरोबर.

हे का जमतं ते ट्रॅकचा आकार बघितला की कळतं. पहिलं वळण उजवं आणि आवळलेलं. आतून उशिरा ब्रेक मारून घुसलेली गाडी बाहेर पडताना डावीकडे फेकली जाते आणि तिला थ्रॉटल उशिरा मिळतो. मग दुसरं डावं, तिसरं उजवं, ही दोन्ही जवळपास पूर्ण थ्रॉटलवर. तिथून चढावर सरळ रस्ता आणि वर चौथं, पुन्हा उजवं. म्हणजे पहिल्या वळणाच्या तोंडाशी जो हरतो पण बाहेर नीट पडतो, तो चौथ्याला वेगही जास्त घेऊन येतो आणि आतली बाजूही त्याचीच. पहिल्या वळणात जागा जिंकणारा चौथ्यात ती व्याजासकट परत करतो.

आमच्या सरावात हे उतरवायला वेळ लागतोय. सध्याची पद्धत अशी: पार्टनर मुद्दाम आतून घुसतो, मी कटबॅक करतो, म्हणजे हॅमिल्टनसारखा मागून रेषा ओलांडतो, नंतर भूमिका बदलायच्या. माझा नेहमीचा ब्रेकिंग पॉइंट १०० मीटरच्या पाटीच्या जरा आधी आहे. कटबॅकसाठी तो एखादी गाडीभर मागे आणलाय. त्याहून लवकर ब्रेक मारला तर पार्टनर इतका पुढे जातो की ओलांडायला गाडीच उरत नाही. खरी गोम ब्रेक सोडण्यात आहे. पेडल एकदम सोडलं की नाक उठतं आणि गाडी सरळ जाते. शेवटचा दहा-पंधरा टक्के दाब एपेक्सच्या, म्हणजे वळणातल्या सगळ्यात आतल्या बिंदूच्या, पुढेपर्यंत धरून ठेवला की पुढची चाकं चावतात, गाडी जागच्या जागी फिरते आणि उजव्या आरशाऐवजी डाव्या बाजूला पार्टनरचं मागचं चाक दिसायला लागतं. तो क्षण आला की थ्रॉटल. टेलिमेट्रीत, म्हणजे गाडीच्या वेग-ब्रेकच्या नोंदींत, बघितलं तर एपेक्सला मी त्याच्यापेक्षा हळू असतो आणि तिसऱ्या वळणापाशी पुढे.

आता बचावाची बाजू. ती शिकायला चौथ्या वळणाचा बाहेरचा कर्ब, म्हणजे रस्त्याच्या कडेची रंगीत पट्टी, पुरेसा आहे. बांधाला बांध असलेल्या शेतात नांगर घालताना शेजारी टीचभर बांध कोरतो, दरवर्षी, आणि विचारलं तर म्हणतो बैल सरकला. हॅमिल्टनने त्या रात्री बांध असाच कोरला. आतल्या बाजूने वळण घ्यायचं, आणि बाहेर पडताना गाडी हळूहळू सोडत न्यायची, इतकी की शेजारच्याला कर्बवरून डांबरावर जावं लागावं. धक्का नाही, एकदम वळणं नाही. रोझबर्गने रेडिओवर तक्रार केलीच. पण शेवटपर्यंत दोघांची चाकं एकमेकांत अडकली नाहीत, आणि याचं श्रेय मी रोझबर्गला जास्त देतो. प्रत्येक वेळी त्याने चाक वाचवलं. हरणाऱ्याचं कौशल्य कुणी मोजत नाही.

टायरची बाजूही विसरू नका. टीमने दोघांना वेगवेगळ्या क्रमाने टायर दिले होते. मधल्या टप्प्यात हॅमिल्टन सॉफ्टवर (मऊ, जास्त वेगवान), रोझबर्ग मीडियमवर (जरा टणक, हळू), शेवटी उलट. म्हणजे रोझबर्गने मागून धावत यायचं आणि शेवटच्या फेऱ्यांत गाठायचं, असा बेत. मधेच माल्दोनादोने पहिल्या वळणाला गुतिएरेझची गाडी उलटी केली, सगळ्यांना हळू, एका रांगेत चालवणारी सेफ्टी कार आली, आणि हॅमिल्टनची आघाडी पुसली गेली. आता मीडियमवरच्या हॅमिल्टनच्या पाठीला सॉफ्टवरचा रोझबर्ग. ट्रॅकच्या कडेला टीम बसते त्या भिंतीवरून मर्सिडीजच्या पॅडी लोचा निरोप आला की दोन्ही गाड्या घरी आणा. आणल्या, पण भांडत भांडत. शेवटच्या दहाएक फेऱ्यांत एकमेकांना अडवत असूनही त्यांनी तिसऱ्या आलेल्या पेरेझला २४ सेकंद मागे टाकलं. दोघांतलं अंतर १.०८५ सेकंद. पेरेझ फोर्स इंडियाचा, त्यामुळे आपल्याकडे पोडियमचाच आनंद मोठा झाला होता. मला मात्र ते २४ सेकंद अजून पचत नाहीत.

टीममेटशी लढताना अडचण ही की लपवायला काही उरत नाही. गाडी तीच, आणि डेटा सामायिक. मर्सिडीजमध्ये एकाचा ब्रेकिंग पॉइंट दुसऱ्याला रात्री स्क्रीनवर दिसायचा. आम्हीही फाइली एकमेकांना देतो. परवा पार्टनरने माझ्या ब्रेकचा आलेख उघडला आणि म्हणाला, "तू दहाव्याला माझ्याहून आधी सोडतोस होय! सांगितलं नाहीस ते?" सांगणार कशाला? तरी फाइल दिली होतीच. दहावं वळण डावं, ब्रेक मारता मारताच वळावं लागतं, आणि आतलं पुढचं चाक लॉक होतं. ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची वाटणी, एक-दोन टक्के मागे घेतल्यावर मला ते सुटलं. आता त्यालाही सुटलंय, त्यामुळे त्यानंतरच्या सरळ रस्त्यावर माझी जी थोडी आघाडी असायची तीही गेली.

सिमची एक वेगळी भानगड. शेजारच्या गाडीची जागा आपल्याला दिसते ती अंदाजाने काढलेली असते; नेट अडखळलं की ती हातभर सरकते. त्यामुळे खऱ्या ड्रायव्हरइतकं खेटून चालत नाही. आम्ही ठरवलंय की पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या पुढे गेलं असेल तर एक गाडीची जागा सोडायचीच, मग रडारवर काहीही दिसो. आणि बचावासाठी दिशा एकदाच बदलायची, जी खऱ्या नियमातही आहे. हे ठरवल्यापासून हेडसेटवर "अरे जागा, जागा!" ऐकू येणं कमी झालंय, आणि लढत तीन-चार वळणं टिकते. पूर्वी ती पहिल्याच वळणाला संपायची, बहुतेकदा वाळूत.

हा तोल किती पटकन जातो ते याच दोघांनी दाखवलं. त्याच वर्षी स्पाला, दुसऱ्याच फेरीत, रोझबर्गच्या पुढच्या विंगने हॅमिल्टनचं मागचं डावं टायर फाडलं. २०१६ ला बार्सिलोनात पहिल्याच फेरीत दोघंही बाहेर. रोझबर्गची गाडी चुकीच्या इंजिन मोडमध्ये होती, मागून हॅमिल्टन १७ किलोमीटर प्रतितास जास्त वेगाने येत होता, रोझबर्गने दार लावलं, हॅमिल्टन गवतावर गेला. ती रेस अठरा वर्षांच्या व्हेरस्टॅपेनने रेड बुलमधल्या पहिल्याच रेसमध्ये जिंकली. माझ्या मते बार्सिलोनात दोघांपैकी कुणाचा हेतू वाईट नव्हता. वेगातला फरक ओळखायला वेळच मिळाला नाही. आमच्याकडे हे हायब्रिड गाडीची बॅटरी संपून वेग कमी झाल्यावर होतं. म्हणून बॅटरी रिकामी झाली की आता आम्ही एकमेकांना तोंडी सांगतो. टीममेट असण्याचा तेवढा तरी फायदा.

पुढची लीग रेस रेड बुल रिंगला आहे, म्हणजे अभ्यासाला २०१६ चा ऑस्ट्रिया. शेवटची फेरी, चढावरचं उजवं वळण, हॅमिल्टन बाहेरून, रोझबर्ग आतून आणि वळायला तयार नाही. रोझबर्गची विंग मोडली, पहिल्याचा चौथा झाला, वर दहा सेकंदांची पेनल्टी. तिथे आतल्या गाडीने नेमकं कुठपर्यंत सरळ जायचं, यावर पार्टनरचं आणि माझं आत्तापासूनच वाजलंय. त्याचं म्हणणं, आतली बाजू ज्याची, वळण त्याचं. मी म्हणतो, वळायचं तर असतंच ना. त्या वळणाला बाहेरून जाऊन कुणाला खालच्या उतारावर आतली बाजू मिळवता आली असेल, तर गिअर आणि बायस काय ठेवला होता ते कळवा.