विंचेस्टर ते कँटरबरी: मठातल्या कारभाऱ्यांच्या मागावर चालताना

इंग्लंडमधली ही वाट चालायची तर पहिला मुक्काम विंचेस्टरच्या मुख्य चर्चमध्ये करू नये. तिथून इचेन नदीच्या काठाने दक्षिणेला अर्धा तास चालत सेंट क्रॉसच्या धर्मशाळेत जावं. बिशप हेन्री ऑफ ब्लॉय यांनी ती ११३० च्या दशकात तेरा निराधार पुरुषांसाठी उभारली. दाराशी द्वारपालाची खोली आहे. तिथे ‘वाटसरूचा शिधा’ मागितला की पावाचा छोटा तुकडा आणि घोटभर बिअर मिळते. मात्र मागावं लागतं, आपण होऊन कोणी देत नाही. सेंट क्रॉस हा मठ नव्हे, पण हेन्री स्वतः फ्रान्समधल्या क्लूनी मठात वाढलेले भिक्षू होते आणि दारी आलेल्याला काहीतरी खायला द्यायची शिस्त तिथलीच.

मध्ययुगीन मठाचा कारभार समजून घ्यायलाही दारापासूनच सुरुवात करावी लागते. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टने मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत द्वारपालावर सबंध एक प्रकरण आहे, शेवटून आठवं. तो समजूतदार म्हातारा असावा, निरोप घेता-देता यावा आणि इकडेतिकडे भटकायचं त्याचं वय सरलेलं असावं. खोली दाराला लागून हवी. कोणी कडी वाजवली की लगेच ‘देवाची कृपा’ म्हणून ओ द्यायची. काम जड झालं तर हाताखाली एक तरुण ‘भाऊ’ म्हणजे भिक्षू द्यायचा. तरुण माणूस एकटाच दारावर ठेवला तर तो बाहेरच्या बातम्यांत रमतो, ही साधी अडचण बेनेडिक्टने आधीच ओळखली होती.

वाटेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ‘पिलग्रिम्स वे’ (यात्रेकरूंची वाट) म्हणून नकाशावर असलेली ही सुमारे दोनशे किलोमीटरची सलग वाट मध्ययुगातले सगळे यात्रेकरू चालत होते, असा पुरावा नाही. ती जोडली गेली मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. पण मठ, धर्मशाळा आणि आर्चबिशपांचे वाडे खरे आहेत आणि मला तेवढ्यासाठी ही वाट पुरते. बारा-चौदा दिवस धरावेत. जमीन खडूची, वर गारगोटीचे तुकडे. पाऊस झाला की खडू साबणासारखा निसरडा होतो, म्हणून उताराला काठी हवीच. बॉक्स हिलच्या पायथ्याशी मोल नदी दगडांवर पाय ठेवत ओलांडायची असते. पाणी वाढलं की दगड बुडतात. अशा वेळी हट्ट न करता जवळच्या पादचारी पुलावरून जावं.

विंचेस्टरला सेंट स्विदनचा मठ होता. नावाला मठाधिपती बिशप, प्रत्यक्षात कारभार प्रायरचा, म्हणजे मठातल्या प्रमुख भिक्षूचा. त्याच्या हाताखाली एकेक खातं सांभाळणारे भिक्षू असत, त्यांना ‘ओबेडिएन्शिअरी’ म्हणत. कोठीवाला, कपडेपटाचा कामरेरियस, पूजासाहित्याचा सॅक्रिस्ट, दानधर्माचा आल्मनर, आजाऱ्यांचा इन्फर्मेरियन, पाहुण्यांचा होस्टेलर. विंचेस्टरला आणखी एक खास पद होतं, हॉर्डेरियन. हॉर्ड म्हणजे साठा.

खरी मेख पुढे आहे. या प्रत्येक पदाला स्वतःचं उत्पन्न तोडून दिलेलं असे. अमुक गावचा वसूल स्वयंपाकाला, तमुक चर्चचा दशमांश दिव्यांना. विंचेस्टरहून पूर्वेला जाताना वाटेच्या थोडं दक्षिणेला हिंटन ॲम्प्नर नावाचं गाव आहे. यातलं ‘ॲम्प्नर’ म्हणजे आल्मनरच! हे गाव सेंट स्विदनच्या दानधर्म खात्याचं होतं. मठ जाऊन पाचशे वर्षं होत आली, पण पदाचं नाव गावाच्या पाटीवर टिकून आहे.

हिशेबाचं वर्ष मायकेलमास (संत मायकेलचा सण) ते मायकेलमास, म्हणजे २९ सप्टेंबरपासून पुढच्या २९ सप्टेंबरपर्यंत. पीक घरात आल्यावर हिशेब मिटवायचा. चामड्याच्या गुंडाळीवर वर कारभाऱ्याचं नाव, मग मागील बाकी, मग गाववार जमा, बेरीज, मग खर्च. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, आकडे रोमन. हा हिशेब नफा-तोट्याचा नसतो. ‘या माणसाच्या अंगावर किती येणं लागलं आणि त्यातलं किती फिटलं’ एवढंच तो सांगतो, त्यामुळे शेवटी उरलेली रक्कम वैयक्तिक बाकी म्हणून पुढच्या वर्षी चढते. न वसूल झालेला खंडही जमेतच लिहिलेला असल्याने ती बाकी फुगत जाते. अशी गुंडाळी वाचताना वरचा जमेचा आकडा पाहून मठ श्रीमंत होता असं ठरवू नये. आधी मागील बाकी वजा करून पाहावी.

प्रत्येक खात्याची पेटी वेगळी, या पद्धतीत बिघडायचं ते इथेच. एका खात्याची पेटी भरलेली आणि शेजारचं खातं सावकाराच्या दारात, असं चाले. पद बदललं की नवा कारभारी आधीच्याच्या कर्जासकट बसे. मठाकडे एकूण किती आहे, हे प्रायरलाही सांगता येत नसे.

कोठीवाल्याबद्दल बेनेडिक्ट फार जिव्हाळ्याने लिहितो. तो खादाड नसावा, उधळ्या नसावा, चिक्कूही नसावा. मठाची भांडीकुंडी आणि अवजारं त्याने वेदीवरच्या पात्रांइतकी पवित्र मानावीत. मागणाऱ्याला देण्यासारखं काही नसेल तर निदान चांगला शब्द द्यावा. मापंही ठरलेली होती. माणशी दिवसाला एक पौंड पाव, दोन शिजवलेले पदार्थ, फळं किंवा कोवळी भाजी असेल तर तिसरा. रात्रीचं जेवण असेल त्या दिवशी पावाचा तिसरा हिस्सा कोठीवाला आधीच बाजूला ठेवी. स्वयंपाकाची पाळी आठवड्याने बदले. शनिवारी जाणाऱ्याने सगळी भांडी स्वच्छ आणि धड कोठीवाल्याला परत करायची, त्याने ती पाहून नव्याकडे सोपवायची. दिंडीत ज्याने कोठीच्या ट्रकवर पातेली मोजून घेतली आहेत, त्याला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही.

फार्नहॅमजवळ वॅव्हर्ली. बेनेडिक्टचा नियम अधिक कडकपणे पाळणाऱ्या सिस्टर्शियन पंथाचा इंग्लंडमधला पहिला मठ, ११२८ चा. इथे व्यवस्था वेगळी. गावांचा खंड खाण्याऐवजी स्वतःची शेती करायची, म्हणून ‘कन्व्हर्सी’ म्हणजे श्रमकरी भाऊ ठेवलेले. ते कोठीवाल्याच्या हाताखाली, त्यांची भोजनशाळा वेगळी. तिचा कमानींचा भाग अजून उभा आहे. तिथे जरूर थांबावं.

कँटरबरीच्या अलीकडे हार्बलडाउन लागतं. आर्चबिशप लॅन्फ्रँकने १०८० च्या दशकात इथे कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढला. कँटरबरीच्या चर्चमध्ये मारले गेलेले आर्चबिशप थॉमस बेकेट यांच्या समाधीसाठीच यात्रेकरू कँटरबरीला येत; त्या खुनाचं प्रायश्चित्त घ्यायला ११७४ मध्ये राजा दुसरा हेन्री आला तो याच बाजूने. याच लॅन्फ्रँकने कँटरबरीच्या भिक्षूंसाठी नियम लिहिले आणि त्यांत प्रत्येक पदाचं काम बारकाईने दिलं. आल्मनरने गावात फिरून आजारी गरीब शोधायचे. होस्टेलरने बिछाने, खुर्च्या, टॉवेल, वाट्या, चमचे, सरपण तयार ठेवायचं. कामरेरियसने वर्षातून एकदा गाद्यांतलं गवत बदलायचं. ओस्तीसाठी, म्हणजे पूजेतल्या पवित्र भाकरीसाठी, सॅक्रिस्टने गहू दाणा दाणा निवडून धुवायचे. ‘सर्किटर’ म्हणून गस्त घालणारे भाऊ असत. ते कोणाशीही न बोलता सगळीकडे फिरत, चुका लक्षात ठेवत आणि सभेत सांगत. जागच्या जागी ओरडायची मुभा नव्हती, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

कँटरबरीला मात्र वेगवेगळ्या पेट्यांचा घोळ लवकर ओळखला गेला. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बहुतेक उत्पन्न खजिनदारांकडे जमा होऊन तिथून खात्यांना वाटलं जाऊ लागलं. १२८५ ते १३३१ एवढा काळ प्रायर असलेल्या हेन्री ऑफ ईस्ट्रीने ही घडी पक्की बसवली. बेकेटच्या समाधीपाशी वेगळे रखवालदार भिक्षू होते, अर्पण मोजणं आणि पहारा त्यांच्याकडे. १२२० च्या ७ जुलैला बेकेटच्या अस्थी नव्या समाधीत हलवल्या, त्या वर्षी अर्पण अकराशे पौंडांच्या वर गेलं. पण यात्रेकरूंच्या सरबराईत कोठीवाल्याचा खर्चही जवळपास तिथेच पोचला.

चर्च पाहून झालं की उत्तरेच्या ग्रीन कोर्ट नावाच्या चौकात जावं. मोठे पाहुणे प्रायरकडे, मधले कोठीवाल्याकडे उतरत. वायव्य कोपऱ्यात बाराव्या शतकातला दगडी जिना आहे, वर छप्पर आणि बाजूला नक्षीदार कमानी. पायी आलेला गरीब यात्रेकरू मठाच्या आत फार जातच नसे. दारातून आला की या जिन्याने वरच्या दालनात, तिथेच रात्र, आणि सकाळी परत त्याच दाराने बाहेर.