डबा लायनीत, माणूस झाडाखाली

थीम पार्कमध्ये सगळ्यात लांब रांग पाळण्यांना असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी दुपारी दीडच्या सुमारास तिथल्या खाण्याच्या काउंटरकडे एक चक्कर टाकावी. पाळण्याच्या रांगेत निदान उत्साह असतो. जेवणाच्या रांगेत नुसता घाम आणि कुरकुर. पुढच्याच्या कडेवरचं पोरगं मागच्याच्या बाहीला आइस्क्रीम पुसत असतं, आणि सगळ्यात पुढचा गृहस्थ एवढा वेळ उभा राहून खिडकीशी पोचल्यावर बायकोला फोन लावतो, "पनीरवालं घेऊ का साधं?" ती पलीकडून म्हणते, "अजून काय काय आहे, वाचा बरं." मग तो वाचतो. पाटीच्या वरपासून खालपर्यंत, किमतींसकट.

मोबाइलवरून ऑर्डर द्यायची सोय बहुधा याच माणसाच्या मागे उभ्या असलेल्या कुणीतरी काढली असावी.

माझी पुतणी पुण्यात नोकरीला आहे. कामानिमित्त अमेरिकेला गेली तेव्हा फ्लोरिडातलं डिझनी वर्ल्ड बघून आली, आणि संक्रांतीला गावी आल्यावर ओसरीत तुरीच्या ओल्या शेंगा सोलता सोलता तिथली हकिगत सांगत होती. पाळण्यांबद्दल कमी, जेवणाबद्दल जास्त; आमच्या घराण्याचं ते वळणच आहे. तिथे म्हणे फोनमधल्या अ‍ॅपवर हॉटेल निवडायचं, पदार्थ निवडायचे, कितीच्या सुमारास येणार ती वेळ निवडायची आणि पैसे भरून मोकळं व्हायचं. मग खुशाल पाळण्यात बसा. हॉटेलजवळ पोचलात की 'आम्ही आलोय, करायला घ्या' अशा अर्थाचं बटण दाबायचं. ते दाबल्यावर तिथलं स्वयंपाकघर कामाला लागतं, आणि ताट कोणत्या खिडकीवर घ्यायचं ते थोड्या वेळाने फोनवरच येतं. मे २०१७ मध्ये हे तिथे सुरू झालं, अ‍ॅनिमल किंगडम पार्कातल्या पँडोरा नावाच्या तेव्हाच्या नव्या भागात, सातुली कँटीनपासून. सातुली हे नाव ऐकून सासूबाईंना ते मेळघाटात धारणीकडचं एखादं खेडं वाटलं.

सगळं ऐकून झाल्यावर सासूबाई शेंगेतून मान वर न काढता म्हणाल्या, "म्हंजे चक्कीवर डबा ठेवून घरी येनं. त्यात काय एवढं?"

पुतणी हसली, पण मी विचारात पडले, कारण त्यांचं बरोबर होतं. आमच्या गावच्या चक्कीवर कधीही जा, माणसं दोनच आणि डबे पंधरा. लाइट गेली की डबे वाढतात, माणसं तेवढीच. पत्र्याचे पिपे, स्टीलचे डबे, एखादी शिवलेली थैली, सगळे भिंतीला लागून एकामागे एक. कोणाच्या कडीला लाल चिंधी, कोणाच्या झाकणावर खिळ्याने कोरलेलं नाव, कोणाचा पोचा एवढा ओळखीचा की नावाची गरजच नाही. डबा लायनीत उभा राहतो आणि माणूस झाडाखाली बसतो, नाहीतर घरी जाऊन भांडी घासून येतो. डिझनीने १९९९ मध्ये पाळण्यांसाठी फास्टपास काढला तोही याच हिशोबाचा होता: मशीनमधून चिठ्ठी घ्या, अमुक वेळेला परत या, तोवर पार्कभर फिरा. फिरणारा माणूस काहीतरी विकत घेतो, रांगेत अडकलेला घेत नाही, हा हिशोब त्यांना कुणी वेगळा शिकवायची गरज पडली नसणार.

फरक एकच, आणि तो मोठा आहे. चक्कीवरची लाइन डोळ्यांना दिसते. चक्कीवाल्याच्या साळ्याचा डबा मधेच पुढे सरकला तर गावात संध्याकाळपर्यंत बोभाटा होतो. अ‍ॅपवरची लाइन दिसत नाही. तुम्ही काउंटरसमोर उभे असता, पुढे मोजून पाच माणसं असतात, तुम्हाला वाटतं झालंच आता. आतमध्ये मात्र चाळीस लोकांच्या ऑर्डरी आधीच लागलेल्या असतात, आणि ते चाळीस लोक कुठे पाळण्यात ओरडत असतात. मधूनच एखादा पोरगा फोन नाचवत बाजूच्या खिडकीवर येतो, ताट उचलतो आणि निघून जातो. उभ्या माणसाच्या पोटात भुकेपेक्षा जास्त काही कालवतं ते त्या वेळी. डेव्हिड मायस्टर नावाच्या अभ्यासकाने १९८५ साली रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिताना हेच मांडलं होतं: रिकामं थांबणं लांबतं, किती थांबायचं ते ठाऊक नसलं की आणखी लांबतं, आणि अन्यायाने थांबावं लागलं की तेही लांबतं. (रांगेच्या गणिताचा उगमही टेलिफोनातलाच. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या माणसाने १९०९ मध्ये त्यावर पहिला लेख लिहिला. म्हणजे फोनने रांगेचं गणित मांडलं आणि आता फोनच रांग गिळायला निघाला.)

तरीही मला विचाराल तर थीम पार्कात फोनच बरा. मागच्या उन्हाळ्यात आम्ही सगळे जण एका मोठ्या शहराबाहेरच्या पार्कात गेलो होतो. सासूबाईंनी पहाटे उठून दशम्या, ठेचा, कांद्याची कोरडी भाजी अशी शिदोरी बांधलेली. गेटवर पिशव्या तपासणाऱ्या पोराने ती उघडली, वास घेतला, जरा विरघळला आणि तरी म्हणाला, "मावशी, बाहेरचं आत नाही चालत." मग आम्ही पार्किंगमधल्या कडुनिंबाखाली सतरंजी अंथरून सकाळी साडेदहालाच जेवलो आणि मग तिकीट काढलं. अर्थात चार वाजेपर्यंत पोट्ट्यांची पोटं पुन्हा पाठीला लागली. आत एका खिडकीवर कूपनची रांग आणि दुसऱ्या खिडकीवर खाण्याची रांग. टोपीवाला पोरगा पदार्थाचं नावसुद्धा घेत नव्हता, "दोन नंबर, चार नंबर" एवढंच. मी विचारलं, "तिखट कमी करता येईल का?" तो म्हणाला, "मॅडम, सब फिक्स है." जिथे सगळंच फिक्स आहे तिथे माणसाने माणसासमोर उभं राहून काय साधायचं?

त्या रांगेत आणखी एक गोष्ट दिसली. आमच्यापुढे एक कुटुंब होतं, धोतर-टोपीतले आजोबा, सून, दोन नातू. पाटी सगळी इंग्रजीत. खिडकीशी पोचल्यावर त्यांनी फोटोवर बोट ठेवलं, पोराने किंमत सांगितली, आणि आजोबा क्षणभर गप्प झाले. मागे वीस-पंचवीस माणसं उभी. इतक्या लोकांदेखत 'परवडत नाही' म्हणून मागे फिरणं आमच्याकडच्या माणसाला मरणाहून अवघड. त्यांनी बंडीच्या खिशातून पैसे काढले आणि एकच प्लेट घेतली. हीच किंमत ओट्यावर बसून, हातातल्या फोनवर, निवांत बघायला मिळाली असती तर कुणालाही न कळता 'चला, बाहेर जाऊन खाऊ' म्हणता आलं असतं. फोनवरच्या ऑर्डरची ही बाजू वेळ वाचवण्यापेक्षा मला जास्त मोलाची वाटते. आता त्या आजोबांकडे बटणाचा फोन असेल तर सगळंच मुसळ केरात, म्हणून ती खिडकी मात्र बंद होता कामा नये. आणि पाटीवर दोन ओळी मराठीत लिहायला पेंट किती लागतो?

पण बहिरमला हे लागू नाही.

बहिरमची यात्रा अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते ती जानेवारी सरेपर्यंत चालते. देवाला लोणी-शेंदूर, आणि माणसाला हंडीतलं मटण आणि रोडगे. तिथेही आकाशपाळणे आहेत, ब्रेकडान्स आहे, फुगे फोडायच्या बंदुका आहेत; तिकीट नसलेलं थीम पार्कच म्हणा. पुतणीला घेऊन गेलो तेव्हा तिला वाटलं, इथे एक अ‍ॅप काढलं तर काय धंदा होईल!

हंडीपुरतं तिचं खरं आहे, आणि ते अ‍ॅप कधीचंच निघालेलं आहे. मातीच्या हंडीत लाकडाच्या जाळावर मटण शिजायचं म्हणजे घाई चालत नाही. ऐन वेळी पोचलात तर दुसऱ्याच्या हंडीचा वास घेत बसा. म्हणून आमचे हे सकाळीच फोन करतात. "भाऊ, दोन किलोची लावून ठेवा, एकच्या सुमारास पोचतो."

"कोन बोलून रायले?"

"मागच्या साली ट्रॅक्टरवर आलो होतो ते. तुमच्या राहुटीच्या दोरीत ट्रॅक्टर अडकला होता."

"हो हो, समजलो बाप्पा. तिखट कसं पायजे?"

"म्हातारी आहे संगं, लहान पोट्टे आहेत."

"बरं बरं. रस्सा येगळा काढून ठेवतो."

ऑर्डर झाली. बारा-साडेबाराला तोच उलट फोन करतो, "निघाले का तुमी? मंग भाकरी टाकाले लावतो." डिझनीत बटण गिऱ्हाईक दाबतं, इथे हंडीवाला दाबतो, एवढाच काय तो फरक. त्यालाही कारण आहे. आमच्याकडे फोनवर 'निघालो, निघालो' म्हणणारा माणूस अजून आंघोळीच्या पाण्याची वाट बघत असतो. कोणत्या कुटुंबाच्या 'निघालो'त किती मिनिटं मिळवायची हे त्या हंडीवाल्याला अनुभवाने माहीत आहे.

भज्यांचं मात्र फोनवर जमत नाही. भज्यांच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहावंच लागतं, आणि ते थांबणं वाया जात नाही. एक बाई परातीत बेसन फेटत असते, ओव्याचा वास सुटलेला असतो. दादा दोन बोटांत मिरची धरून पिठात बुडवतो आणि कढईच्या काठावर निथळून तेलात सोडतो. तिच्याभोवती तेल आधी खवळतं, मग हळूहळू आवाज बारीक होत जातो. आवाज बारीक झाला की तो झारा घालतो. आजूबाजूची अनुभवी मंडळी कढईकडे बघतसुद्धा नाहीत, कानानेच ओळखतात. टोपल्यात आधीच्या घाण्याचे गार झालेले भजे असतात. नवखं गिऱ्हाईक ते घेऊन जातं. जाणतं गिऱ्हाईक म्हणतं, "हे नोको, नव्या घाण्याचे दे." दादा एकदा तुमच्या तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, "थांबा मंग." आता हा घाणा कोणत्या अ‍ॅपवर दिसणार? तिथे भजे म्हणजे भजे, फोटोत कायमचे गरम.

शिवाय यात्रेच्या गर्दीत नेटवर्क गुडघे टेकतं. २०१६ ला यूपीआय आलं आणि आता गुळपट्टी-फुटाणेवाल्याच्याही गाडीवर क्यूआरचं कार्ड लटकतं, पैसे आले की डबी बोलते. पण यात्रेत रविवारी ती डबीही मुकी होते. पुतणीच्या फोनवरचं चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं. भजेवाला म्हणाला, "जाऊ द्या ताई, भजे थंडे होऊन रायले, जातानी देऊन द्या." परतताना दिलेही. असा विश्वास टाकायचा तर समोरचा माणूस कोण ते दिसावं लागतं, आणि त्याला आपण दिसावे लागतो.

मला रांगेचा उमाळा आहे असं कुणी समजू नये. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना कुठल्याच रांगेत उभं करवत नाही, आणि त्यांच्यासाठी जगातल्या सगळ्या खिडक्या फोनमध्ये आल्या तरी माझी ना नाही. रांगेचा खरा उमाळा आमच्या ह्यांना. भजे आणायला गेले की अर्ध्या तासाने येतात. तोवर तिथे त्यांना कुणाच्या संत्र्याला काय भाव मिळाला, कुणाच्या पोरीचं कुठे जमलं, सगळं कळलेलं असतं. सांगितलेली चटणी विसरतात आणि न सांगितलेले आलुबोंडे घेऊन येतात, का, तर "गरम निघून रायले होते." त्या आलुबोंड्यांवर आजवर कुणी तक्रार केलेली नाही. चटणीवर दर वेळी होते.

या रविवारी पुन्हा बहिरमला जायचं आहे. हंडीचा फोन झाला, रस्सा वेगळा काढायचंही सांगून झालं. भज्यांना हेच जाणार. पुतणीने त्यांच्याजवळ सुटे पैसे दिलेत आणि काय काय आणायचं त्याची यादी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आहे, चटणी सगळ्यात वर. ती यादी ते घरी परत आल्यावर उघडतील.