नेतेला विणताना: जाळी जमली, तिबेबची किनार फाकतेय

नेतेला म्हणजे इथिओपियातली पातळ सुती शाल. तिची नमुना पट्टी आता 40 इंचांवर आली आहे. ताणा (उभे धागे) 2/40 मिलचा, म्हणजे 40 नंबरचं दुपदरी गिरणीचं सूत; बाणा (आडवे धागे) टकळीवरचा. इथिओपियातही हल्ली बहुतेक असंच चालतं: ताणा गिरणीचा, बाणा बायकांनी हाताने कातलेला आणि खड्डामागावर विणणारे पुरुष. गामो डोंगरातले, चेंचाकडचे दोर्झे विणकर यात नावाजलेले. अदिस अबाबातल्या शिरो मेदाच्या बाजारात त्यांचा माल बघायला मिळतो.

फणी 36 नंबरची, म्हणजे 2 इंचांत 36 घरं (फटी); घरात 2 धागे, म्हणजे ताण्याचे इंचाला 36. फणीत रुंदी 12 इंच, एकूण 432 धागे. बाणा इंचाला 30च्या वर गेला की मलमल होते, नेतेला राहत नाही. त्यामुळे फणीचा ठोका द्यायचाच नाही, बाणा नुसता जागेवर सरकवायचा. जाळी, म्हणजे शालीचा मधला पातळ भाग, मागावर फारच विरळ वाटते, पण धुतल्यावर हातकताईचा बाणा फुलतो आणि ती भरते. नेतेला दुपदरी असते, गाबी ही तिकडची जाड शाल चौपदरी. तेव्हा एका पदराकडे बघून घाबरू नये.

खरी कटकट तिबेबची, म्हणजे टोकाच्या रंगीत पट्ट्याची. पैठणीच्या काठापदरात रंगीत धागे एकमेकांत अडकवून तेच बाणा होतात. इथे रंगीत धागा जादा असतो. सपाट पट्टीने ताण्याचे धागे उचलायचे, रंगीत धागा टाकायचा, मग साध्या बाण्याचा एक फेरा. हा फेरा चुकला तर रंगीत धागे एकमेकांवर चढतात आणि पट्टा लोंबतो.

जाळीची रुंदी सव्वाअकरा इंचांवर आवळली, तिबेबची पावणेबारा राहिली. म्हणून काठ झालरीसारखा फाकला. जादा धागा ताण्याला आवळू देत नाही, हे त्याचं कारण. उपाय दोन: जाळीत बाणा कमानीसारखा ढिला टाकायचा, आणि रंगीत धागा काठाच्या 2 धागे आतूनच वळवायचा. दुसऱ्या उपायाने निम्मा फरक लगेच गेला.

उलट्या बाजूचे सुटे धागे 5 मिलिमीटरपेक्षा लांब नकोत. शोकात नेतेला अशी पांघरतात की तिबेब चेहऱ्याजवळ येतो. तिथे लांब धागा कानातल्यात अडकणारच.

लाल धागा विणण्याआधी पांढऱ्या चिंधीत गुंडाळून गरम पाण्यात तासभर ठेवा. चिंधी गुलाबी झाली तर तो नेतेलात नकोच. जरीसारखा चमकता धागा वापरणार असाल तर इस्त्री उलट्या बाजूने, कमी तापमानावर.

पुढचा टप्पा: 36 इंची पूर्ण पन्हा, 1296 धागे.