मामाचा नाद

माझ्या मामाला कबुतरांचा नाद होता. मी एकदा 'छंद' म्हटलं तर आजी उसळली. "छंद रविवारचा असतोय. ह्याला नाद लागलाय, नाद!" कोल्हापुरातल्या आमच्या गच्चीवर मामा भर उन्हात मान वर करून उभा असायचा आणि खाली ताटात भाकरी वाळून कडक व्हायची.

नाद म्हणजे खरं तर आवाज, घंटेचा असतो तसा. घंटा थांबली तरी कानात घुमतच राहते, तिथूनच हा अर्थ आला असावा. (ही व्युत्पत्ती माझी, कोशातली नव्हे!)

गंमत क्रियापदात आहे. ध्यास आपण घेतो. नाद आपल्याला लागतो, ठेच लागते तसा. ध्यास घेणाऱ्याला हारतुरे, नादिष्टाला शिव्या. आणि 'नादी लागला' म्हटलं की खापर दुसऱ्याच्या डोक्यावर. आजीच्या मते सगळा दोष शेजारच्या पैलवानाचा. 'नाद खुळा' मात्र आमच्याकडे कौतुकाचंच, अगदी तांबड्या रश्श्यालाही.

मामा परगावी गेला की गच्चीवर ज्वारी टाकायला आजीच चढायची. एकदा उतरताना पुटपुटली, "सतराच हायत. ती पांढरी कुठं गेली?"